स्टिअरिंग थरथरते? आधी किंगपिन तपासा

जुनी बस खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातात थरथरते, सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते आणि पुढचा टायर एकाच कडेने झिजतो. अशा वेळी टायर बदलून किंवा अलाइनमेंट करून वेळ मारून नेली जाते. मूळ दुखणे मात्र अनेकदा पुढच्या अॅक्सलच्या किंगपिनमध्ये असते.

बस व ट्रक यांना पुढे सहसा घडीव पोलादाचा अखंड अॅक्सल असतो. त्याच्या दोन्ही टोकांना किंगपिन ही जाड पोलादी खीळ घट्ट बसवलेली असते. चाक धरणारा स्टब अॅक्सल तिच्याभोवती वळतो. त्याच्या वरच्या व खालच्या कानांत बुश असतात, तर गाडीचा भार थ्रस्ट बेअरिंग पेलते. ग्रीस आटले किंवा आत पाणी-चिखल शिरला की बुश आणि खीळ दोन्ही झिजतात. गोव्याच्या प्रदीर्घ पावसाळ्यात हा धोका अधिक.

तपासणी सोपी आहे. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचा अॅक्सल जॅकने उचलावा व घोडीवर टेकवावा. चाक वर-खाली धरून हलवावे. ते डुगडुगले तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा. डुगडुग थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही ती कायम राहिली तर किंगपिनचा. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यास टाय रॉडच्या सांध्यांची झीजही कळते.

दुरुस्तीत चाक व ड्रम उतरवून आधी लॉकपिन आणि मग किंगपिन काढतात. केवळ खीळ बदलून भागत नाही. बुश, थ्रस्ट बेअरिंग व सील यांचा पूर्ण संचच बदलावा. नव्या बुशचे छिद्र ग्रीस निपलच्या छिद्राशी जुळलेच पाहिजे, अन्यथा नवे भागही कोरडेच झिजतील. दोन्ही बुश एकाच रेषेत रीमरने साफ करून, उभी फट शिमने भरून जोडणी करतात. शेवटी टो-इन तपासणे आवश्यक असते.

अॅक्सलचे भोकच लंबगोल झाले असेल, तर ते वेल्डिंगने भरू नये. आचेमुळे घडीव पोलादाची ताकद कमी होते आणि अॅक्सल तडकण्याची भीती राहते.

ग्रीस भरताना पुढची चाके उचललेली असावीत; भार नसल्याने ते थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोहोचते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवावी. पावसाळ्यापूर्वी आणि तो सरल्यावर हे काम चुकवू नये. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणावर बसमधील साऱ्या प्रवाशांचा भरवसा याच दोन खिळांवर असतो.