मेल्व्हिलचे ‘शायलो’ : शोकगीत आणि वाक्यरचना

यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांचा शोक करताना कवीपुढे एक पेच उभा राहतो. परकीयांशी झालेल्या युद्धात आपले मृत आणि परके मृत यांची विभागणी आधीच झालेली असते. यादवीत मात्र दोन्ही बाजूंचे मृत एकाच राष्ट्राचे असतात, तरी विजयी पक्षाचे स्मारक बहुधा विजयी पक्षाच्याच मृतांसाठी उभे राहते. अशा वेळी शोक कोणाचा करावयाचा? अमेरिकन कादंबरीकार व कवी हर्मन मेल्व्हिल (१८१९–१८९१) याने ‘शायलो’ या एकोणीस ओळींच्या कवितेत या प्रश्नाला दिलेले उत्तर तिच्या आशयात जितके आहे, तितकेच तिच्या व्याकरणातही आहे.

टेनेसी राज्यातील शायलोची लढाई ६ व ७ एप्रिल १८६२ रोजी झाली. पहिला दिवस रविवारचा होता. ओंडक्यांनी बांधलेल्या एका लहानशा मेथडिस्ट प्रार्थनामंदिरावरून रणक्षेत्राला हे नाव मिळाले. हे नाव मूळ हिब्रू असून मराठी बायबलात ते ‘शिलो’ असे येते. ‘शांतिस्थान’ असा त्याचा अर्थ परंपरेने लावला जातो. दक्षिणेचा सेनापती अ‍ॅल्बर्ट सिडनी जॉन्स्टन पहिल्याच दिवशी पडला. रात्री ब्युएलची कुमक ग्रँटला येऊन मिळाली आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेचे सैन्य मागे हटले. मृत, जखमी व बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंची हानी २३,७००च्या आसपास झाली. त्यांपैकी सुमारे ३,५०० जण रणांगणावरच मेले.

मेल्व्हिल या लढाईचा साक्षीदार नव्हता. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॅटल-पीसेस’ या त्याच्या संग्रहात ही कविता आहे. त्यातील बहुतेक कविता एप्रिल १८६५ मधील रिचमंडच्या पाडावानंतर सुचल्या, असे त्याने प्रास्ताविकात नमूद केले आहे. कवितेत ग्रँट नाही, जॉन्स्टन नाही. उत्तर व दक्षिण हे शब्द नाहीत. जय कोणाचा झाला हेही नाही. मूळ कवितेला पूर्णविराम आहे तो केवळ अखेरीस.

या एका वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभी मैदानावरून खालून घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या येतात. त्यांचे उडणे हेच वाक्याचे मुख्य विधान होय. पुढे प्रत्येक नाम नव्या पदबंधाला वा उपवाक्याला जन्म देते. मैदानावरून पावसाकडे, पावसातून तहानलेल्या जखमींकडे, तेथून रात्रीकडे, रात्रीवरून रविवारच्या लढाईकडे, लढाईवरून प्रार्थनामंदिराकडे आणि अखेर तेथे एकमेकांत मिसळलेल्या मरणोन्मुखांच्या विव्हळण्याकडे व प्रार्थनांकडे वाचक उतरत जातो. त्या रात्री खरोखरच पाऊस कोसळला होता. परंतु उत्तरेच्या नदीवरील युद्धनौका ठराविक अंतराने तोफा डागीत होत्या. कवीने पाऊस ठेवला आणि तोफा गाळल्या.

जखमींसाठी योजलेला ‘शत्रू’ या अर्थाचा शब्द येथे विशेष महत्त्वाचा आहे. ‘शत्रू’ हे संबंधवाचक नाम आहे, ‘कोणाचा शत्रू?’ ही आकांक्षा ते निर्माण करते. कवितेत या नामाला षष्ठ्यंत विशेषण नाही. त्यामुळे ज्यांचे शत्रुत्व तेही शत्रू आणि ज्यांच्याशी शत्रुत्व तेही शत्रूच, असे दोन्ही पक्ष एकाच अनेकवचनात सामावतात. सकाळचे हे शत्रू सायंकाळी मित्र होतात. गोळी मनुष्याचा भ्रम कसा दूर करते, हा कटू उद्गार कवीने कंसात टाकला आहे. त्यानंतरच्या ‘ते’ या सर्वनामाचा संदर्भ ह्या अविभाजित समूहाकडेच जातो.

ध्वनियोजनाही याला पोषक आहे. पाकोळ्या खालून उडतात आणि मृत खाली निजले आहेत, या दोहोंसाठी ‘लो’ हे एकच क्रियाविशेषण येते, आणि तोच ध्वनी रणभूमीच्या नावाच्या अंत्याक्षरात घुमतो.

मराठी अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. मराठीत संबंधी उपवाक्य प्रायः आधी येते व क्रियापद शेवटी पडते. स्वाभाविक क्रमाने एकच वाक्य करू गेल्यास ‘जेथे’, ‘जी’, ‘ज्यांचे’ यांच्या ओझ्याखाली मृत आधी येतात आणि पाकोळ्या अगदी शेवटी उरतात. मूळचा वाचक पाखरांकडून माणसांकडे येतो व पुन्हा पाखरांकडे परततो. हा क्रम बिघडला तर शोकाची वाटच बदलते. म्हणून वाक्याची एकता सोडावी लागली तरी चालेल, परंतु प्रतिमांचा क्रम राखावा, हे श्रेयस्कर. ‘शत्रू’ला मात्र कोणताही स्वामी जोडू नये; ‘परस्परांचे’ हे विशेषणदेखील मूळच्या मौनाचा भंग करील.

या मौनाचे मोल रणभूमीवरच कळते. संग्रह निघाला त्याच १८६६ साली शायलो येथे राष्ट्रीय दफनभूमी स्थापन झाली. उत्तरेच्या सैनिकांचे अवशेष तेथे हलविण्यात आले; दक्षिणेचे सैनिक मैदानावरील सामूहिक खंदकांतच राहिले. भूमीवर मृतांची जी वाटणी झाली, ती कवितेतील ‘ते’ या सर्वनामाने होऊ दिली नाही.