अवयवांचें कलम आणि शरीराचा विरोध

कोंकणांतला माळी रायवळ आंब्याच्या रोपावर हापुसाची काडी बांधतो. कांहीं आठवड्यांत दोहोंचा जीव एक होतो, आणि तें झाड पुढें जन्मभर हापूसच देतें. खुंट त्या काडीला परकी म्हणत नाहीं. मनुष्याच्या शरीराची गोष्ट नेमकी उलट आहे. एकाचें मूत्रपिंड काढून दुसऱ्याच्या पोटांत बसविणें, त्याची रोहिणी रोहिणीला व नीला नीलेला शिवणें, हें काम विसाव्या शतकाच्या आरंभींच कुशल हातांना साधूं लागलें होतें. अलेक्सिस कॅरल या फ्रेंच शस्त्रवैद्यांना रक्तवाहिन्या जोडण्याच्या या विद्येबद्दल १९१२ सालीं नोबेल पारितोषिकहि मिळालें. परंतु एका कुत्र्याचें मूत्रपिंड त्याच कुत्र्याला परत बसविलें तर टिके, आणि दुसऱ्याला बसविलें तर टिकत नसे. अडचण सुईदोऱ्याची नव्हतीच.

१९५२ सालच्या नाताळच्या रात्रीं पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत या अडचणीचें फार करुण रूप दिसलें. सुतारकाम करणारा सोळा वर्षांचा एक मुलगा उंचावरून पडला होता. त्याचें फुटलेलें मूत्रपिंड काढावें लागलें, आणि काढल्यावर कळलें कीं त्याला जन्मापासून तें एकच होतें. आईनें आपलें एक मूत्रपिंड देऊं केलें. तें बसवितांच लघवी सुरू झाली, रक्त शुद्ध होऊं लागलें, मुलाला हुशारी वाटूं लागली. सुमारें तीन आठवडे असे गेले. नंतर एकाएकीं तें मूत्रपिंड बंद पडलें, आणि कांहीं दिवसांतच मुलगा गेला. ज्या देहाला त्या माउलीनें नऊ महिने पोटांत वाढविलें, त्याच देहानें तिचा अवयव परका ठरविला.

या वागण्याचा अर्थ सुमारें दहा वर्षें आधींच लागला होता. दुसऱ्या महायुद्धांत भाजलेल्या माणसांना दुसऱ्याची त्वचा लावतां येईल काय, हें पाहण्याचें काम पीटर मेडावर या तरुण प्राणिशास्त्रज्ञांकडे आलें. ग्लासगो येथें टॉमस गिब्सन या शस्त्रवैद्यांबरोबर त्यांनीं एका भाजलेल्या स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे लहान लहान तुकडे लावून पाहिले. ते प्रथम रुजले, आणि पुढें गळून गेले. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हां ते अधिक लवकर नष्ट झाले. १९४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचें सारें मर्म ‘लवकर’ या एका शब्दांत आहे. परकी त्वचा केवळ न मानवल्यामुळें मरत असती, तर दोन्ही वेळां सारखाच काळ लागला असता. शरीराला पहिली भेट आठवत होती. आणि आठवण ठेवून दुसऱ्या वेळीं अधिक त्वेषानें तुटून पडणें, हा तर गोवर-देवीशीं लढणाऱ्या रोगप्रतिकारशक्तीचा स्वभाव. तेव्हां अवयवाचा अव्हेर हा शरीराचा बिघाड नव्हे. निरोगी शरीरानें आपलें नित्याचें काम चोख बजावलें, त्याचा तो परिणाम होय. वैद्यांची खरी पंचाईत येथेंच आहे. रोगाला मारतां येतें. रक्षकाला मारून कसें चालेल?

हा रक्षक आपपर ओळखतो कसा? शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर कांहीं विशिष्ट प्रथिनें असतात. त्यांपैकीं पहिलें पॅरिसच्या झां दॉसे यांनीं १९५८ सालीं उजेडांत आणलें, आणि आज त्या सर्वांना एचएलए या आद्याक्षरांनीं ओळखतात. शस्त्रवैद्यांची वाट अडविण्यासाठीं तीं निर्माण झालेलीं नाहींत हें उघड आहे. पेशीच्या आंत जीं जीं प्रथिनें असतात, त्यांचे बारीक तुकडे तीं बाहेर आणून जणूं तळहातावर धरून दाखवितात. टी-पेशी नांवाच्या रक्तांतील श्वेतपेशी फिरतां फिरतां ते तुकडे तपासतात, आणि तुकडा विषाणूचा निघाला तर ती दूषित पेशी मारून टाकतात. या तपासनिसांची निवड छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत होते. आपल्याच पेशींवर उठणाऱ्या टी-पेशी बहुतांशीं तेथेंच नाहींशा होतात. पण ही निवड स्वतःच्या एचएलए प्रथिनांपुढें होते. परक्याचीं प्रथिनें तेथें कधीं दिसलेलींच नसतात. म्हणून तीं दिसतांच एखाददुसरी नव्हे, तर असंख्य टी-पेशी एकदम उठतात. अपत्याला या प्रथिनांचा अर्धा संच आईकडून व अर्धा बापाकडून मिळतो. आईच्या मूत्रपिंडावरचीं अर्धीं चिन्हें मुलाला अनोळखी असणारच. सख्ख्या भावंडांत दोन्ही अर्ध जुळण्याचा संभव चारांत एक इतका असतो.

अव्हेराचा वेग मात्र सर्वदा सारखा नसतो. त्याचा सर्वांत भयंकर प्रकार शस्त्रक्रियेच्या मेजावरच दिसे. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडतांच गुलाबी झालेलें मूत्रपिंड कांहीं मिनिटांत निळसर व मऊ पडे, आणि तें काढून टाकावें लागे. अशा रोग्यांच्या रक्तांत परक्या एचएलएविरुद्ध प्रतिद्रव्यें आधींच तयार असत. कोणाला पूर्वीं दुसऱ्याचें रक्त दिलेलें असे, कोणाचें पहिलें कलम फसलेलें असे, आणि कितीएक स्त्रियांच्या रक्तांत तीं गरोदरपणांत, पोटांतल्या मुलाला बापाकडून आलेल्या चिन्हांविरुद्ध, उत्पन्न झालेलीं असत. पतीनें पत्नीला मूत्रपिंड देऊं केलें, तर तिनें त्याच्या मुलांना जन्म दिलेला असणें हीच आडकाठी होऊं शकते! यावरील उपाय साधा निघाला. रोग्याचा रक्तरस व दात्याच्या श्वेतपेशी काचेवर एकत्र करावयाच्या, आणि पेशी मरतात कीं काय तें पाहावयाचें. पटेल व तेरासाकी यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांत, पेशी मेल्या असतांहि ज्यांना मूत्रपिंड बसविलें होतें अशा ३० जणांपैकीं २४ जणांचें तें तत्काळ वाया गेलें. पेशी न मेलेल्या १९५ जणांत असें फक्त ८ वेळां घडलें. त्यानंतर ही परीक्षा केल्यावांचून मूत्रपिंड बसविणें बंदच झालें, आणि मेजावरचा तो प्रकार आतां क्वचित् दिसतो.

दुसरा प्रकार टी-पेशींचा. तो बहुधा पहिल्या कांहीं महिन्यांत येतो. रोग्याला कित्येकदां कांहींच जाणवत नाहीं, केवळ रक्तांतील क्रिएटिनिन वाढलेलें आढळतें. मग सुईनें मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. वेळींच कळलें तर हा हल्ला बहुधा औषधानें परतवितां येतो. तिसरा प्रकार वर्षानुवर्षें चालणारा. त्यांत रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, व्रण साठत जातात, आणि त्याला हमखास उपाय अद्यापि नाहीं.

बोस्टन येथें २३ डिसेंबर १९५४ रोजीं जोसेफ मरे यांनीं एका तरुणाला त्याच्या जुळ्या भावाचें मूत्रपिंड बसविलें, आणि त्या तरुणाला आणखी आठ वर्षें आयुष्य लाभलें. हे भाऊ खरोखर एकाच बीजापासून झालेले आहेत कीं नाहींत, हें दोघांच्या त्वचेची अदलाबदल करून आधीं तपासलें होतें. पण यांत प्रश्न सुटला नाहीं, टळला. तो सोडविण्यासाठीं १९६० नंतर अझाथायोप्रीन व प्रेडनिसोन हीं औषधें जोडीनें देण्यांत येऊं लागलीं. पुढें नॉर्वेंतल्या हार्डांगर पठारावरच्या मातींत सांपडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघालें, आणि १९७८ सालीं केंब्रिजच्या रॉय काल्न यांनीं तें अवयव बसविलेल्या रोग्यांना दिलें. टी-पेशींना उठविणारी हांकच तें दाबून टाकतें. त्यानें या शास्त्राचें रूप पालटलें खरें, पण फुकट नव्हे. रक्षक गुंगींत असला म्हणजे साधे जंतु शिरजोर होतात, कांहीं कर्करोगांचा धोका वाढतो. शिवाय दैवाची थट्टा अशी, कीं ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठीं तें द्यावयाचें, त्या मूत्रपिंडालाच दीर्घकाळांत तें इजा करतें. यकृत बसवून वांचलेल्या कित्येकांचीं स्वतःचीं धड मूत्रपिंडें या औषधांनीं निकामी झालीं आहेत.

यकृताची कथा मुळांतच वेगळी. शस्त्रक्रिया म्हणून तें मूत्रपिंडाहून कितीतरी अवघड. १९६३ सालीं डेन्व्हर येथें टॉमस स्टार्झल यांनीं केलेल्या पहिल्या प्रयत्नांत एक लहान मूल रक्तस्रावानें मेजावरच दगावलें, आणि वर्षाहून अधिक जगलेला पहिला रोगी मिळण्यास १९६७ साल उजाडावें लागलें. पण एकदां बसल्यावर यकृताला शरीर पुष्कळच सांभाळून घेतें. काल्न यांनीं १९६९ सालीं दाखविलें कीं, डुकराला दुसऱ्या डुकराचें यकृत बसविलें तर औषधावांचूनहि तें अनेकदां टिकतें. एवढेंच नव्हे, तर त्याच दात्याचें मूत्रपिंडहि मग मानवूं लागतें. माणसांत इतकें औदार्य आढळत नाहीं, औषधें लागतातच. तथापि वर सांगितलेली काचेवरची परीक्षा प्रतिकूल असतांहि यकृत बहुधा बसवितां येतें, आणि एकाच दात्याचीं यकृत व मूत्रपिंड एकत्र बसविलीं तर यकृत पुष्कळदां मूत्रपिंडाची ढाल होतें. याचें कारण एक नाहीं. यकृताचा पसारा मोठा. त्यांतल्या पेशी घातक प्रतिद्रव्यें शोषून घेतात. झालेली झीज तें स्वतः भरून काढतें. शिवाय आंतड्यांतून येणारें सारें रक्त आधीं यकृतांतून जातें. अन्नाचे व जंतूंचे परके कण तेथें अहोरात्र येत असतात. प्रत्येकावर शस्त्र उपसलें असतें तर यकृताचाच निकाल लागला असता. अनोळखी पाहूनहि शांत राहण्याचा सराव या अवयवाला जन्मभर असतो, आणि नव्या घरींहि तो सुटत नाहीं.

हीच शांतता औषधावांचून निर्माण करतां येईल काय? रे ओवेन यांनीं १९४५ सालीं दाखविलें कीं, गाईच्या पोटांत जुळ्या वासरांचें रक्त मिसळतें, आणि पुढें प्रत्येक जण दुसऱ्याच्या रक्तपेशी सुखानें बाळगतो. या धाग्यावरून मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं उंदरांत तीच सहनशीलता मुद्दाम घडवून आणली. माणसांत हें बोस्टनच्या वैद्यांनीं मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जा देऊन करून पाहिलें. चिन्हें पूर्ण न जुळणाऱ्या पांच जणांपैकीं चौघांचीं औषधें थांबवितां आल्याचें त्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें.

यकृतासाठीं तर मज्जेचीहि गरज भासली नाहीं. आईच्या किंवा बापाच्या यकृताचा भाग मिळालेलीं, प्रकृति स्थिर असलेलीं २० मुलें अमेरिकेंत निवडण्यांत आलीं. त्यांचीं औषधें वैद्यांच्या कडक नजरेखालीं, मात्रा हळूहळू उतरवीत, बंद केलीं. १२ मुलांचें यकृत औषधांवांचून सुरळीत चालत राहिल्याचें २०१२ सालीं जाहीर झालें. बाकीच्यांत विरोधाचीं चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां तीं परत औषधांवर आलीं. घरच्या घरीं, बरें वाटतें म्हणून, गोळी सोडणाऱ्या रोग्याची गोष्ट अगदीं निराळी; त्याचा अवयव जातो तो बहुधा याच वाटेनें. कोणत्या मुलाला गोळी सोडतां येईल आणि कोणाला नाहीं, हें आधींच सांगणारी खात्रीची रक्तपरीक्षा अजून वैद्यांच्या हातीं आलेली नाहीं.