परभणी ते फ्रँकफर्ट: इकॉनॉमी तिकिटात आपण नेमकं काय विकत घेतो?

समजा तुम्हाला जर्मनीत मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली. व्हिसाही झाला. आता फक्त तिकीट काढायचं राहिलंय. फोनवर ॲप उघडलं आणि दोन पर्याय दिसले.

पहिला: छत्रपती संभाजीनगर-मुंबई-फ्रँकफर्ट, सगळं एकाच तिकिटावर. दुसरा: संभाजीनगर-मुंबई वेगळं, मुंबई-फ्रँकफर्ट वेगळं. विमानं तीच, वेळा त्याच, पण दुसरा पर्याय चार-पाच हजारांनी स्वस्त. साहजिकच हात दुसऱ्या पर्यायाकडे जातो. तीच विमानं असतील तर जास्त पैसे कशाला द्यायचे?

थांबा. या दोन तिकिटांत मोठा फरक आहे, आणि तो विमानात बसल्यावर नाही, काहीतरी बिघडल्यावर कळतो. म्हणून आज फुल-सर्व्हिस एअरलाइनचं इकॉनॉमी तिकीट आतून कसं असतं ते नीट समजून घेऊ.

फुल-सर्व्हिस म्हणजे काय?

लो-कॉस्ट कंपनी तुम्हाला मुळात फक्त सीट विकते. बॅग, जेवण, सीटची निवड, सगळ्याचे वेगळे पैसे. फुल-सर्व्हिस कंपनीत लांब पल्ल्याच्या तिकिटात जेवण, पाणी, ब्लँकेट, समोरच्या स्क्रीनवर सिनेमे आणि बहुतेक वेळा बॅगही धरलेली असते. एअर इंडिया, लुफ्थान्सा, एमिरेट्स, कतार एअरवेज या अशा कंपन्या.

पण "बहुतेक वेळा" हे शब्द लक्षात ठेवा. आता याच कंपन्या इकॉनॉमीतही तीन-चार प्रकारची तिकिटं विकतात. सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या नावात "लाइट" दिसलं, तर चेक-इन बॅग धरलेली नसण्याची शक्यता मोठी. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते तिकीट शेवटी महागच पडतं. अनेक कंपन्या विद्यार्थ्यांना वेगळं भाडं किंवा जादा बॅग देतात, पण ते ऑप्शन बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच दिसतं. एकदा तिथे बघाच.

पीएनआर आणि ई-तिकीट एकच नाही

रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो, हे आपल्याला पाठ आहे. विमानाचा पीएनआर सहा अक्षर-आकड्यांचा असतो. पण पीएनआर म्हणजे फक्त बुकिंगची नोंद. तिकीट खरंच निघालं का, हे ई-तिकीट नंबरवरून कळतं. हा नंबर १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, लुफ्थान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६.

एजंटने फक्त पीएनआर पाठवला आणि १३ आकडी नंबर दिला नाही, तर तिकीट अजून निघालेलं नाही असं समजा. पीएनआर घ्या, कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये आडनावासोबत टाका आणि तिकीट नंबर दिसतो का ते बघा. फसवणूक पकडायचा हा सगळ्यात सोपा उपाय.

आडनाव आणि पीएनआर एवढ्यावर बुकिंग उघडतं, याची दुसरी बाजूही आहे. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका. नंबर झाकला तरी बारकोडमध्ये नाव आणि पीएनआर दोन्ही असतात, आणि ते वाचणारी ॲप्स फुकट मिळतात. कुणी खोडसाळपणे तुमची सीट बदलू शकतं, काही वेळा तिकीटही रद्द करू शकतं.

नावाबद्दलही एक गोष्ट. आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र "गिव्हन नेम"मध्ये असतं. तिकिटावर ती दोन्ही नावं सलग चिकटून छापली जातात आणि शेवटी मिस्टर किंवा मिस जोडलं जातं. ते चुकीचं दिसतं, पण चूक नसते. चूक असते ती स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं असल्यावर.

एकाच तिकिटाची खरी ताकद

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संभाजीनगरचं विमान तीन तास लेट झालं आणि मुंबईहून फ्रँकफर्टचं विमान निघून गेलं. पुढे काय?

एकच तिकीट असेल, तर तुम्हाला फ्रँकफर्टला पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. पुढच्या विमानात जागा देणं तिचं काम, त्याचे जादा पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. बॅगही पहिल्याच काउंटरवर थेट फ्रँकफर्टचा टॅग लावून जाते.

दोन वेगळी तिकिटं असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त "आले नाहीत". पहिलं विमान का लेट झालं याच्याशी तिचा संबंध नाही. नवीन तिकीट त्या दिवसाच्या भावाने काढायचं, आणि आदल्या दिवशीचे भाव कसे असतात ते सांगायला नको. चार-पाच हजार वाचवायला जाऊन पन्नास हजार किंवा त्याहून जास्त जाऊ शकतात.

म्हणजे ते जादा चार-पाच हजार जेवणाचे नव्हते. ते या जबाबदारीचे होते.

एक सापळा मात्र एकाच तिकिटातही आहे. "संभाजीनगरहून कशाला, मी थेट मुंबईलाच बसतो" असं परस्पर ठरवू नका. पहिला टप्पा सोडला की पुढचे सगळे टप्पे, परतीचं तिकीट असेल तर तेसुद्धा, आपोआप रद्द होऊ शकतात. बदल करायचा असेल तर आधी कंपनीला कळवा.

परभणीची अडचण: रेल्वे त्या पीएनआरमध्ये नाही

परभणीला विमानतळ नाही. नांदेड जवळ आहे, पण तिथून थेट परदेशी विमानाला जोडलेलं तिकीट मिळेलच असं नाही. त्यामुळे बहुतेक जण रेल्वेने मुंबई किंवा सिकंदराबाद गाठतात आणि तिथून विमान पकडतात. मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. मनमाड-परभणी मार्ग अजून पूर्ण दुहेरी झालेला नाही, त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी कुठे आणि किती वेळ थांबेल ते आपल्याला सांगायला नको.

रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडायची सोय दिली आहे. पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. पण रेल्वे आणि विमानाचे पीएनआर आपल्याकडे जोडता येत नाहीत. देवगिरी किंवा नंदीग्राम लेट झाली म्हणून विमान चुकलं, तर नुकसान पूर्ण तुमचं.

गंमत म्हणजे पलीकडच्या टोकाला हे जमतं. लुफ्थान्साच्या तिकिटात फ्रँकफर्ट विमानतळावरून कोलोनसारख्या शहरांची ट्रेन त्याच पीएनआरवर घेता येते. विमान लेट झालं तर पुढच्या ट्रेनची सोय होते. जर्मनीतली ट्रेन तिकिटात बसते, आपली परभणी-मुंबई बसत नाही. मग हा टप्पा आपणच सांभाळायचा:

- विमानाच्या दिवशी मुंबईत पोचणारी गाडी धरू नका. एक दिवस आधी पोचा. एका रात्रीच्या लॉजचा खर्च नवीन तिकिटापेक्षा नेहमीच कमी.
- तारीख नीट वाचा. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर "१५ तारीख, रात्री ०१:१०" असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोचायचं. १५ च्या रात्री गेलात, तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असेल.
- काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी. तीन तास आधी पोचा.
- सामान कमी असेल तर दादरहून मेट्रो ३ थेट टी-२ ला जाते. दोन मोठ्या बॅगा असतील तर सरळ टॅक्सी.

बॅगेत काय चालतं?

युरोपसाठी साधारण २३ किलोची एक बॅग मिळते. अमेरिकेसाठी अनेकदा दोन मिळतात. एकाच बॅगेत ३२ किलोच्या वर काही भरता येत नाही, कारण ती माणसाला उचलायची असते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच ठेवायची नाही. लिथियम बॅटरीला सामानाच्या कप्प्यात आग लागली तर विझवायला तिथे कुणी नसतं. मर्यादा १०० वॉट-अवरची. तुमची २०,००० एमएएच असेल तर ३.७ व्होल्टने गुणा आणि १,००० ने भागा: ७४ वॉट-अवर. म्हणजे चालेल. पण अनेक कंपन्या आता विमानात ती वापरू देत नाहीत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद केला आहे. म्हणून घरूनच फोन फुल चार्ज करा आणि केबल जवळ ठेवा. सीटला बहुतेक वेळा यूएसबी असतं.

आता आईने भरलेला डबा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. लोणचं चेक-इन बॅगेत, घट्ट पॅक करून. पेढे, खवा, तूप घरीच खाऊन निघा, कारण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत. चटणी, मेतकूट, पापड न्या खुशाल.

वर नऊ तास कसे जातात?

मुंबई-फ्रँकफर्ट सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, नऊ तासांच्या आसपास. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते. जुन्या विमानांत ती जास्तीत जास्त ८ हजार फुटांवरच्या हवेसारखी असते, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये सुमारे ६ हजार फुटांसारखी. कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे नव्या विमानात तुम्ही कळसूबाईच्या थोडं वर बसून नऊ तास काढता.

ही हवा खूप कोरडी असते. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात आणि जेवण बेचव लागतं. लुफ्थान्सासाठी जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या अभ्यासात दिसलं, की कमी दाबात मीठ आणि साखरेची चव कमी जाणवते. म्हणजे दोष पूर्ण स्वयंपाक्याचा नाही! पाणी मागत राहा, त्याचे पैसे लागत नाहीत.

शाकाहारी असाल तर जेवण निदान २४ तास आधी ॲपमधून नोंदवा. आपल्यासारखं जेवण हवं असेल तर "एशियन व्हेजिटेरियन" निवडा. "व्हीगन" निवडलंत तर दही-पनीर काहीच मिळणार नाही. जैन जेवणाचा पर्याय वेगळा असतो.

सीटच्या दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच. खिडकी हवी की कडेची सीट? झोपायचं असेल तर खिडकी, उठायचं असेल तर कडेची. पण उठायचंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमीच, सुमारे सहा हजारांत एक. तरी दर दोन तासांनी उठून चक्कर मारा. बसल्या जागी घोटेही फिरवा.

काही बिघडलंच तर

बॅग आली नाही, तर विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी बॅगेज काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिचा नंबर घ्या. बॅगेवरच्या टॅगची पावती यासाठीच जपायची, तिचा फोटोही काढून ठेवा. आंतरराष्ट्रीय करारानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते.

युरोपियन कंपनीचं विमान असेल, किंवा युरोपहून निघणारं कुठलंही, तर युरोपचा प्रवासी कायदा लागू होतो. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासात कंपनीच्या चुकीमुळे मोठा उशीर झाला, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. वादळ किंवा तशा कारणामुळे उशीर झाला तर नाही. हा हक्क आपोआप पैसे देत नाही, अर्ज आपणच करावा लागतो.

निघण्याआधी फोनमध्ये हे ठेवा

- ई-तिकीट, व्हिसा, ॲडमिशन लेटर आणि इन्शुरन्सची पीडीएफ, नेट नसताना उघडेल अशी.
- यातल्या मुख्य कागदांची प्रिंटही. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.
- कंपनीचं ॲप, नोटिफिकेशन चालू करून. वेळ बदलली तर आधी तिथेच कळतं.
- मध्ये दुसऱ्या देशात विमान बदलत असाल, तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या सरकारी साइटवर बघून घ्या. एजंटच्या शब्दावर राहू नका.

घरातल्या पहिल्याच माणसाचा परदेश प्रवास असतो, तेव्हा तिकिटामागे अख्ख्या घराची बचत किंवा बँकेचं कर्ज असतं. त्यामुळे स्वस्त कुठलं हे बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: मध्ये काही चुकलं तर मला पुढे पोचवायची जबाबदारी कुणाची? "कंपनीची" असं उत्तर येत असेल तर तिकीट काढा. "माझी" असं येत असेल, तर हाताशी पैसे आणि एक दिवस जादा ठेवूनच परभणी सोडा.