द्रव्य कोणाचें आणि प्रश्न कोणाचा?

विद्यापीठानें उद्योगपतींकडून द्रव्य घ्यावें कीं नाहीं, हा विषय सुशिक्षित घरांत निघाला म्हणजे बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सरस्वतीनें लक्ष्मीच्या दारीं जाऊं नये. दुसरा म्हणतो, लक्ष्मीवांचून प्रयोगशाळेंत दिवाही लागत नाहीं. आम्हां वैदर्भीयांस याचा निर्णय करण्यासाठीं दूर जावयास नको.

कामठीचे रावबहादुर दी. लक्ष्मीनारायण यांनीं १९३० सालच्या मृत्युपत्रानें नागपूर विद्यापीठास सुमारें ३५ लक्ष रुपये विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या औद्योगिक शिक्षणासाठीं ठेविले. त्यांतून १९४२ सालीं, म्हणजे आमच्या आष्टीनें स्वातंत्र्यार्थ रक्त सांडलें त्याच वर्षीं, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३ सालीं तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दात्यानें विषय सांगितला होता, उत्तर सांगितलें नव्हतें.

मुंबईची कथा निराळी. तेथें १९३३ सालीं विद्यापीठाचा रसायन-तंत्रशास्त्र विभाग निघाला, तो गिरण्यांस लागणारें वस्त्ररसायन शिकवीतच. पुढें तेथील प्रा. मनमोहन शर्मा यांनीं कारखान्यांस सल्ला देतां देतां वायु व द्रव यांच्या परस्परक्रियांवर मूलगामी संशोधन केलें, व १९९० सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. कारखान्याच्या अडचणींतूनही शास्त्राचा प्रश्न उपजतो, हें यावरून दिसतें.

मग भीति कशाची? अमेरिकेंत १९८० सालच्या बे-डोल कायद्यानें सरकारी पैशांतून लागलेल्या शोधांचें स्वामित्व विद्यापीठांस घेतां येऊं लागलें. शोध कारखान्यापर्यंत पोहोंचण्याची वाट सुकर झाली. त्याबरोबर निष्कर्ष झांकून ठेवण्याचा मोहही आला. शिवाय करार करणारा आपलाच प्रश्न विचारणार. आष्टी-कारंज्याच्या संत्रा-बागाइतदाराजवळ करारापुरतें द्रव्य नाहीं; त्याचा गळणारा बहार, त्याचीं पडून राहिलेलीं बारीक फळें प्रयोगशाळेंत कोणी न्यावीं? अशा खेड्यांतल्या प्रश्नांसाठींच १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्याच मगनवाडींत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

म्हणून उद्योगाचें द्रव्य अवश्य घ्यावें. मात्र ठराविक मुदतीनंतर निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क अध्यापकाकडे राहावा, आणि त्या द्रव्याचा कांहीं अंश ज्यांना फी देतां येत नाहीं त्यांच्या प्रश्नांसाठीं वेगळा काढावा. घरांतील मुलें अशा संस्थेंत शिकत असतील, तर त्यांना नोकरीच्या चौकशीबरोबर एवढेंही विचारावें : तुमच्या प्रयोगशाळेंत प्रश्न कोण विचारतो?