उष्णतेचा जमाखर्च : लेखांक पाचवा – गिल्बर्ट हिलचे खांब

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस उतरून, बाजाराची गर्दी आणि इमारतींच्या रांगा मागे टाकीत जो मनुष्य गावदेवीच्या दर्शनास निघतो, त्यास एका वळणावर घरांच्या माथ्यावरून एकाएकी सुमारे २०० फूट उंचीचा काळा, उभा कातळ दिसतो, आणि त्याच्या अंगावरील सरळ रेघा पाहून हे काम कोणा पाथरवटाच्या हातचे असावे, असाच पहिला ग्रह होतो. हाच गिल्बर्ट हिल. छिन्नीने येथे घडविल्या त्या केवळ माथ्यावरील देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या. खांब कोणीच घडविले नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, दख्खनचे पठार ज्या लाव्हारसाने रचले गेले त्याच काळात, तप्त खडक निवता निवता ते आपोआप झाले. आणि ‘आपोआप’ या शब्दापाशीच मला आज वाचकांस थोडे थांबवावयाचे आहे.

उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे जात नाही, हा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम. आणि या एकेरी वाटचालीचे माप म्हणून क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये ‘एंट्रॉपी’ ही राशी प्रचारात आणली. तिचा अर्थ ‘अव्यवस्था’ असा सांगण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे, ती मला घातक वाटते. अव्यवस्था जर सदैव वाढतच असेल, तर निराकार रसातून हे रेखीव खांब उभे राहिले कसे, असे एखाद्या चौकस मुलाने पायऱ्यांवर उभे राहून विचारले, तर ‘अव्यवस्था’वाल्यास त्याचे समाधान करता येणार नाही. जमाखर्चाची वही उघडली, म्हणजे मात्र ते होते.

नुकताच घट्ट झालेला, निरपेक्ष मापाने १२०० अंश, म्हणजे सुमारे ९२७ सेल्सिअस तापलेला खडक घ्या, आणि त्यातून १२०० ज्यूल उष्णता ३०० अंशांच्या हवेत गेली असे समजा. उष्णतेस तापमानाने भागावयाचे, एवढीच क्लॉसियस यांची रीत. खडकाच्या खाती १ एकक खर्च पडले. हवेच्या खाती ४ एकके जमा झाली. उष्णता तीच, ज्यूलही तितकेच. परंतु एकंदर ताळेबंदात ३ एककांची वाढ झाली, आणि ती कोणत्याही उपायाने परत फिरविता येत नाही. खांबांची सुबकता ही या जमेपुढे अगदी किरकोळ रक्कम आहे. नियमाचा आग्रह एकंदर बेरजेविषयी असतो. एका खात्यात घट दिसली म्हणून तो मोडत नाही.

आता खांबांकडे निरखून पाहू. निवणारा खडक आक्रसतो; परंतु भोवतालच्या खडकाने जखडलेला असल्यामुळे आक्रसण्यास त्यास मोकळीक नसते, आणि ताण असह्य झाला म्हणजे तो तडकतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलात पडणाऱ्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत, त्यास हे निराळे सांगावयास नको. तीन भेगा समान कोनांनी एकत्र आल्या म्हणजे ताण सर्वांत काटकसरीने मोकळा होतो, म्हणून पाच-सहा बाजूंच्या आकृती उमटतात. आणि थंडावा जसजसा आत उतरतो, तसतशी भेगही त्याच्या मागोमाग, थोडी थोडी करून, निवणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात आत शिरते. निवणे जितके सावकाश, तितके खांब जाड. अर्थात उष्णता कोणत्या दिशेने निघून गेली आणि किती वेगाने, याचे दप्तरच या कातळात शिलकी राहिले आहे.

याच निवण्याच्या हिशेबाने लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ पासून पृथ्वीचे वय काढण्याचा उद्योग केला, आणि अखेरीस १८९७ मध्ये ते २ ते ४ कोटी वर्षांवर आणून ठेविले. म्हणजे त्यांच्या निवाड्याप्रमाणे अंधेरीचा हा खडक पृथ्वीहूनही वडील ठरतो! नियम चुकला नव्हता. वहीत काही रकमा मांडावयाच्या राहिल्या होत्या. पृथ्वीच्या पोटातील खडक अतिमंद गतीने वरखाली फिरून उष्णता पोहोचवितो, ही उणीव त्यांचेच माजी सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखविली होती. आणि किरणोत्सर्गाने आत सतत उष्णतेची भर पडते, हे तेव्हा कोणास ठाऊकच नव्हते. त्याच किरणोत्सर्गाने पुढे घड्याळही पुरविले. दख्खनच्या बसाल्टातील पोटॅशियमचा एक प्रकार १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो, आणि त्याचा काही भाग आर्गॉन बनून खडकात अडकून पडतो. तो मोजला की निवण्याचा काळ कळतो. उलट प्रवास येथेही नाही.

जीवशास्त्रात हीच वही श्रोडिंगर यांनी १९४४ मध्ये उघडली, आणि संदेशशास्त्रात शॅनन यांनी १९४८ मध्ये. परंतु शॅनन यांची एंट्रॉपी हे उष्णतेच्या वाटचालीचे माप नसून अनिश्चिततेचे माप आहे, आणि हे नामसादृश्य कोठवर खरे, याचा विचार स्वतंत्र लेखांकावाचून होणार नाही.

खांब घडण्यास निवण्याचा सावकाशपणा लागला. फुटण्यास सुरुंग पुरे होता. भोवतालचा दगड खाणींत गेला. १९५२ मध्ये या कातळास सरकारी संरक्षण मिळाले, तरी महानगरपालिकेने वारसा म्हणून त्याची नोंद केली ती २००७ मध्ये. जे उरले आहे ते तरी राहावे, असे मला मनापासून वाटते, कारण फुटलेल्या खांबाची भरपाई कोणत्याही खजिन्यातून होत नाही. वाचकांनी एकदा दिवस कलताना तेथे जावे आणि पश्चिमेकडील कातळास तळहात लावावा. दिवसभर सोसलेले ऊन तो तेव्हा परत करीत असतो.

पुढील लेखांकात येथून जवळच, वेसाव्याच्या बंदरावर जाऊ, आणि मासळीच्या टोपलीत कोळिणी बर्फ घालतात त्याचा हिशेब पाहू.