तपकिरी कोळसा व शेतजमीन

नाशिककडील द्राक्षबागांतून ठिबकाच्या पाण्याबरोबर एक काळा द्रव मुळांशीं सोडण्याची चाल बरीच पडली आहे. शेतकरी त्यास ‘ह्युमिक’ म्हणतात. तो कोठून येतो व त्यापासून कितपत अपेक्षा करावी, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं शेती आहे, आणि हा द्रव फुकट मिळत नाहीं.

प्राचीन काळीं गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा पक्का दगडी कोळसा होण्यापूर्वींची जी अवस्था, तिला तपकिरी कोळसा अथवा लिग्नाइट म्हणतात. तामिळनाडूंत नेयवेली येथें त्याच्या मोठ्या खाणी आहेत. हा कोळसा भूपृष्ठाजवळ असला म्हणजे हवा व पाणी यांच्या योगानें त्याचें सावकाश ऑक्सिडीकरण होतें. तो भुसभुशीत होतो व जळणास कमी प्रतीचा ठरतो. अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा राज्यांत असा कोळसा सांपडतो. तेथील भूगर्भशास्त्रज्ञ ए. जी. लेनर्ड यांच्या नांवावरून त्यास लेनर्डाइट म्हणतात. चुलीला जो नकोसा, तोच शेताला हवासा व्हावा, ही मौजच होय!

याचें कारण असें कीं, ऑक्सिडीकरणानें त्यांतील ह्युमिक आम्लाचें प्रमाण वाढतें. हें आम्ल साध्या पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, परंतु कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणांत सहज उतरतें. जर्मन रसायनज्ञ आखार्ड यानें १७८६ सालीं पीटपासून असाच काळा अर्क काढिला होता. बाजारांतील द्रव बहुधा याच रीतीनें बनतो.

आतां हिशेब पाहूं. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचें वजन सुमारें ८ लाख किलो भरतें. त्यांत सेंद्रिय द्रव्य शेंकडा १ धरलें तरी तें ८,००० किलो झालें. त्यांत आपण ह्युमिकचे ५ किलो घातले, तर ते दर्यांत खसखस! म्हणून ‘याच्या एका बाटलीनें जमिनीचा कस परत येतो’ असें सांगणारा विक्रेता आम्हांस विश्वासार्ह वाटत नाहीं. तें काम शेणखताचें व कंपोस्टाचें. तें गाडीनेंच घालावें लागतें.

मग उपयोग मुळींच नाहीं काय? तसेंही नव्हे. या द्रव्यानें कित्येक पिकांचीं तंतुमुळें अधिक फुटतात. चुनखडीच्या जमिनींत अडकून बसणारें लोह पिकास मिळण्यासही साहाय्य होतें. अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत झाडांच्या व मुळांच्या शुष्क वजनांत सरासरीनें सुमारें एकपंचमांश वाढ आढळली. मात्र जमीन, पीक व मात्रा यांप्रमाणें फळ फार निरनिराळें मिळालें. भारत सरकारनें २०२१ सालीं अशा द्रव्यांस खत नियंत्रण आदेशाखालीं आणिलें, तें योग्यच झालें.

काळा रंग मात्र खरेपणाची खूण नव्हे. साखर कारखान्याची मळीही काळीच असते. एक सोपी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेंत शिक्षकांच्या देखरेखीखालीं करतां येईल. द्रवाचे कांहीं थेंब पाण्यांत घालून त्यांत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, द्रावण आम्लधर्मी होईपर्यंत, टाकावें. ह्युमिक आम्ल असल्यास तपकिरी गाळ तळीं बसतो. मळीचें पाणी रंगीतच राहतें. याच गुणामुळें हा द्रव आम्लधर्मी औषधांत मिसळूं नये. कॅल्शियम नायट्रेटबरोबरही गाळ धरतो, आणि ठिबकाचीं छिद्रें बुजतात.