बंदिवान प्रेक्षकाचे प्रत्युत्तर

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात १९८८ च्या नोव्हेंबरात, 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाच्या दिवशी, केटीएमए नावाच्या एका लहानशा दूरचित्रवाणी केंद्राने एक विनोदी मालिका सुरू केली. देशव्यापी प्रक्षेपण-संस्थांपैकी कोणाचाही आधार या केंद्राला नव्हता. हाताशी पैसा थोडा आणि भरून काढावयाचे तास मात्र पुष्कळ, अशी त्याची अवस्था होती. मालिकेचे नाव होते 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' आणि तिचा जनक होता जोएल हॉजसन हा तरुण विनोदकार. मालिकेचे स्वरूप दोन वाक्यांत सांगता येईल. एखादा जुना, फसलेला विज्ञानपट जवळजवळ अथपासून इतिपर्यंत दाखविला जातो. पडद्याच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, खुर्च्यांवर बसलेल्या तिघा प्रेक्षकांच्या काळ्या आकृती दिसतात आणि ते तिघे चित्रपट संपेपर्यंत त्याची रेवडी उडवीत असतात. एवढ्याशा भांडवलावर ही मालिका पुढे राष्ट्रीय वाहिन्यांवर गेली, १९९३ चा प्रतिष्ठेचा पीबडी पुरस्कार तिने मिळविला आणि १९९९ पर्यंत ती चालली.

टवाळी हा काही दुर्मिळ गुण नव्हे. चित्रपटगृहात स्वस्त दराच्या खुर्च्यांवर बसणारा प्रेक्षक जगात सर्वत्र हेच करीत आला आहे. मालिकेच्या पूर्वीही, १९६६ साली, वुडी ॲलन यांनी एका जपानी हेरपटावर स्वतःचे विनोदी संवाद चढवून 'व्हॉट्स अप, टायगर लिली?' हा चित्रपट केला होता. तेव्हा नावीन्य टवाळीत नव्हते. ते होते टवाळी करणाऱ्याच्या परिस्थितीत. मालिकेचा नायक हा एका संशोधनसंस्थेतील झाडलोट करणारा साधा नोकर आहे. दोघा माथेफिरू शास्त्रज्ञांना तो आवडत नाही, म्हणून ते त्याला एका उपग्रहात कोंडून अंतराळात पाठवितात आणि वाईट चित्रपट दाखवून त्याच्या मनावर काय परिणाम होतो याचा प्रयोग मांडतात. एकटेपणा सोसवेना म्हणून हा नोकर उपग्रहातील सुटे भाग काढून स्वतःसाठी यंत्रमानव-मित्र तयार करतो. परंतु चित्रपट केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा थांबावा हे ज्या भागांमुळे त्याच्या हाती राहिले असते, नेमके तेच भाग या मित्रांच्या घडणीत खर्ची पडलेले असतात.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या तपशिलापाशी थबकल्यावाचून राहणार नाही. एक वस्तू घेताना जी दुसरी सोडावी लागते तीच पहिलीची खरी किंमत, हा सिद्धांत वर्गात गहू आणि कापड यांच्या उदाहरणाने शिकविला जातो. येथे एका माणसाने निवडीचे स्वातंत्र्य देऊन सोबत विकत घेतली आहे. पाठ्यपुस्तके ग्राहकाला राजा म्हणतात. दूरचित्रवाणीच्या ग्राहकाचे राज्य मात्र संच बंद करण्याच्या कळीपुरतेच असते, आणि एकाकी माणसाला तीही कळ दाबवत नाही. अशा बंदिवान ग्राहकापाशी एकच हक्क उरतो, तो म्हणजे उलट उत्तर देण्याचा. मालिकेने हा हक्क बजावून दाखविला आणि तो गंभीर चेहऱ्याने बजावला नाही, हे तिच्या लोकप्रियतेचे खरे कारण होय.

ज्या मालाला हे उत्तर दिले जात होते तो मुळात आला कोठून? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली पॅरामाउंट खटल्यात निकाल देऊन मोठ्या चित्रसंस्थांची मक्तेदारी मोडली. चित्रपटगृहांची मालकी त्यांना सोडावी लागली, आणि चांगल्या चित्रपटासोबत चार सामान्य चित्रपट गृहचालकाच्या गळ्यात बांधण्याची प्रथाही बंद पडली. न्यायाच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, दुय्यम चित्रपट काढण्यात मोठ्या संस्थांना स्वारस्य उरले नाही आणि लहान गृहचालकांना स्वस्त मालाची चणचण भासू लागली. त्यात दूरचित्रवाणीने कुटुंबवत्सल प्रेक्षक घरी बसविला. उरला तो तरुण वर्ग. मोटारीत बसून उघड्यावर चित्रपट पाहण्याची जी आवारे तेव्हा निघाली त्यांची संख्या १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चार हजारांच्या घरात गेली होती, आणि त्यांचा मोठा आश्रयदाता हा तरुणच होता. त्याच्यासाठी अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या संस्था निघाल्या. आधी नाव ठरवावयाचे, मग भित्तिपत्रक रंगवावयाचे, ते गृहचालकांना पसंत पडले तर कथा लिहावयास घ्यावयाची, असा या संस्थेचा उफराटा पण व्यवहारी क्रम असे.

अशा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या विज्ञानात विज्ञान किती असणार? रॉजर कॉर्मन यांच्या १९५६ च्या 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड'मध्ये शुक्रावरून एक राक्षस येतो. जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरील प्राणी बुटका आणि बसका असणार, या तर्काने तो जमिनीला चिकटलेल्या शंकूसारखा बनविला गेला. कॉर्मन अभियांत्रिकीचे पदवीधर होते आणि तर्कात चूक नव्हती. मात्र शुक्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडे कमीच आहे. बर्ट गॉर्डन यांच्या 'बिगिनिंग ऑफ द एंड'मध्ये (१९५७) महाकाय टोळ शिकागो शहरावर चाल करून येतात. प्रत्यक्षात साधे टोळ इमारतींच्या छायाचित्रांवर सोडलेले होते. 'द किलर श्रूज'मधील (१९५९) भयंकर चिचुंद्र्या म्हणजे केसाळ पांघरुणे घातलेले कुत्रे होते. हे सर्व चित्रपट पुढे मालिकेच्या तावडीत सापडले.

ते सापडण्याचे कारणही आर्थिकच आहे. स्थानिक केंद्रांना जुन्या चित्रपटांचे गठ्ठे घाऊक भावाने विकण्याची पद्धत जुनी होती. १९५७ साली स्क्रीन जेम्स या कंपनीने युनिव्हर्सलच्या ५२ भयपटांचा असा एक गठ्ठा बाजारात आणला होता. शिवाय त्या काळच्या कायद्याप्रमाणे कृतिस्वामित्वाची पहिली मुदत २८ वर्षांची असे आणि नंतर अर्ज करून ते नव्याने नोंदवावे लागे. बुडीत निघालेल्या कंपनीच्या वतीने असा अर्ज करणार कोण? परिणामी कित्येक चित्रपट बेवारस झाले. सारांश, मालिकेचा कच्चा माल म्हणजे मोडीत काढलेले सामान होते. तिची यंत्रमानव-पात्रेही तशीच घडविलेली. एकाचे डोके गोळ्या विकण्याच्या काचेच्या यंत्राचे आहे.

येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. नफेखोराने बनविलेला निकृष्ट माल ग्राहकाने हसून नाकारला, तर तो न्यायच झाला. परंतु प्रश्न इतका सरळ नाही, आणि तो सरळ नाही हे 'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट' या चित्रपटाने दाखवून दिले. विज्ञानाशी या भयपटाचा काडीचाही संबंध नाही. टेक्सासमधील एल पासो गावच्या हॅरोल्ड वॉरेन नामक खतविक्रेत्याने भयपट कोणीही काढू शकतो अशी पैज मारून १९६६ साली तो काढला. एकूण खर्च सुमारे १९ हजार डॉलर. चावी देऊन चालवावयाचा कॅमेरा एका वेळी अर्ध्या मिनिटापलीकडे चालत नसे. आवाज नंतर मोजक्याच व्यक्तींनी सर्व पात्रांसाठी दिले. नटमंडळी हौशी, त्यांना मेहनताना जवळजवळ नव्हताच. गावातील पहिल्याच खेळाला प्रेक्षक हसत सुटले. वॉरेन १९८५ साली वारले. जानेवारी १९९३ मध्ये मालिकेने हा चित्रपट दाखविला तेव्हा तो जवळपास कोणाच्याच स्मरणात नव्हता, आणि त्यानंतर जगातील अतिवाईट चित्रपटांच्या यादीत तो कायमचा जाऊन बसला.

येथे नफेखोर कोणी नाही. एका साध्या माणसाने पदरमोड करून काही करू पाहिले आणि ते त्याला साधले नाही. अशा माणसाला देशभर हसणे हे बलवानाने दुर्बळाला हसणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि मालिकेच्या चाहत्यांनी तो उडवून लावू नये. त्याला उत्तर मिळते ते मालिकेच्या कार्यपद्धतीत. चित्रपट समीक्षकाने 'मॅनोस'ची वासलात दोन ओळींत लावली असती. येथे लेखकमंडळी एका खोलीत बसून प्रत्येक चित्रपट पुनःपुन्हा पाहत, थांबवून पाहत आणि प्रत्येक क्षणाला काय म्हणता येईल ते टिपत. इतके लक्ष त्या चित्रपटांना त्यांच्या निर्मात्यांनी तरी दिले होते की नाही, याची शंका आहे. चित्रपटाला हसावयाचे तर तो शेवटपर्यंत सोसला पाहिजे, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. ही अटही अनुभवानेच आली. १९९० साली 'द साइडहॅकर्स' नावाचा चित्रपट त्यांनी पुरता न पाहताच निवडला. काम बरेच पुढे गेल्यावर त्यात एका स्त्रीवरील अमानुष अत्याचाराचे दृश्य निघाले. ते कापून टाकावे लागले आणि तेव्हापासून कोणीतरी संपूर्ण चित्रपट आधी पाहिल्याशिवाय तो घ्यावयाचा नाही असा नियम झाला. विनोदाची मर्यादा कोठे असते हे ज्याला कळते त्याच्यावर विश्वास टाकता येतो.

पारडे नेहमी योग्य बाजूला झुकले असे मात्र नाही. सोव्हिएत दिग्दर्शक अलेक्सांद्र प्तुश्को यांच्या 'सादको' या लोककथापटाला १९५३ साली व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले होते. अमेरिकी व्यापाऱ्यांनी तो कापला, इंग्रजी आवाज चढविले आणि रशियन नायकाला सिंदबाद ठरवून विकला. मालिकेने १९९३ मध्ये हसे केले ते या आवृत्तीचे. गुन्हा कापणाऱ्याचा, पण टोमणे खावे लागले प्तुश्कोंच्या चित्रांना. १९९६ साली मालिकेवरून जो चित्रपट निघाला त्यात 'धिस आयलंड अर्थ' (१९५५) या रंगीत, परिश्रमपूर्वक केलेल्या विज्ञानपटाला लक्ष्य केले गेले. तेथे मूळ चित्रपटाला इतकी कात्री लागली की टोमणे आणि मधले प्रवेश धरूनही नवा चित्रपट जुन्यापेक्षा आखूड झाला. ज्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतलेले नाही त्याला दिलेले उत्तर हे उत्तर राहत नाही.

मालिकेच्या अर्थव्यवहारातील सर्वांत विलक्षण भाग तिच्या श्रेयनामावलीत सापडतो. ध्वनिचित्रफिती एकमेकांत फिरवीत राहा, अशी विनंती तिच्यात प्रेक्षकांना केलेली असे. कोणताही व्यापारी आपला माल फुकट वाटण्यास सांगणार नाही. परंतु ज्या भागांत ही वाहिनी दिसतच नव्हती तेथे अशा फितींतूनच चाहते निर्माण झाले. यातील मुत्सद्देगिरी पुढे दिसून आली. २०१५ साली हॉजसन यांनी मालिका पुन्हा सुरू करण्यासाठी थेट लोकांकडे वर्गणी मागितली तेव्हा ४८ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५७ लाख डॉलरवर रक्कम दिली, आणि २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर नवे भाग आले. २०२१ मध्ये दुसऱ्यांदा वर्गणी झाली, तीही भरघोस. उलट हक्कांच्या गुंत्यामुळे कित्येक जुने भाग अडकून पडले. गॉडझिलाच्या एका चित्रपटाचा भाग २००६ साली विक्रीस आल्यावर मागे घ्यावा लागला. मालिकेतील काही जुन्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच 'रिफट्रॅक्स' या नावाने यावर तोड काढली होती. ते टोमण्यांची केवळ ध्वनिफीत विकत. चित्रपट ग्राहकाने आपला आपण आणावा. चहा विकावयाचा आणि साखर गिऱ्हाइकाने घरून आणावी, तसा हा व्यवहार.

'मॅनोस'ची गोष्ट मात्र १९९३ मध्ये संपली नाही. २०११ साली त्या चित्रपटाची मूळ सोळा मिलिमीटरची कार्यप्रत एका संग्राहकाच्या हाती लागली. तिच्या दुरुस्तीसाठी पुन्हा लोकांनीच पैसे उभे केले. एक-एक चौकट स्वच्छ करण्यात आली आणि २०१५ साली तो चित्रपट, कोपऱ्यातील सावल्यांवाचून, वॉरेन यांनी चित्रित केला होता तशा रंगांत, विक्रीस आला.